गुच्छी रात्रीत उगवते की हळूहळू वाढते? (काडेपेटीसह रोजनिशी)

माळ्यावरचा_ट्रंक | ३० एप्रिल, सकाळ

नमस्कार मंडळी. दक्षिण मिशिगनमध्ये राहतो. घरामागे एल्मचं एक वठलेलं झाड आहे. पाडायचा खर्च ऐकून दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलतो, म्हणून अजून उभं आहे. काल संध्याकाळी बुंध्याशी गळून पडलेली सालपटं गोळा करताना मातीत दोन करडे ठिपके दिसले. खारीची लेंडी असेल म्हणून पुढे निघालो होतो, पण काय वाटलं कोण जाणे, गुडघे टेकून पाहिलं. ठिपक्यांना खळगे होते! मधाच्या पोळ्यासारखे, सुईच्या टोकाएवढे. म्हणजे मोरेल. आपल्या हिमाचल-काश्मीरकडे जिला गुच्छी म्हणतात ती.

थोरली ८ मिलिमीटर, धाकटी जेमतेम ५. देवघरातली काडेपेटी शेजारी उभी करून फोटो काढला, सोबत देतोय.

आता मुद्दा. शेजारचे आजोबा ऐंशीच्या पुढचे, शाळेत असल्यापासून मोरेल गोळा करतात. त्यांना कुंपणावरून सांगितलं तर म्हणाले, "वाढायबिढायच्या नाहीत त्या. रात्रीत जेवढ्या वर येतात तेवढ्याच राहतात. आजच खुडून टाक." आणि वर, "माणसाची नजर पडली की वाढ खुंटते." बायकोचं म्हणणं, आजोबांचा अनुभव साठ-सत्तर वर्षांचा, तुझा काल संध्याकाळपासूनचा.

पण ८ मिलिमीटरची मोरेल खुडून दात कोरायचे का? मी ठरवलंय, हात लावायचा नाही. रोज सकाळी सातला काडेपेटी ठेवायची, फोटो काढायचा, पट्टीने मापायचं. बघू कोण बरोबर. कुणाला यातलं शास्त्र माहीत असेल तर सांगा.

काजूबोंड | ३० एप्रिल

फोटो दिसत नाहीयेत. पण काडेपेटी देवघरातून बाहेर गेली यावर घरात काय झालं तेही लिहा.

माळ्यावरचा_ट्रंक | ३० एप्रिल

फोटो परत चढवलेत. काडेपेटीबद्दल: लायटर आणून ठेवलाय, तूर्त युद्धबंदी.

तात्या_वेंगुर्लेकर | ३० एप्रिल, रात्री

आजोबांचं बरोबर आहे असं माझं मत. आमच्याकडे मिरगाच्या आसपास गडगडाट झाला, चार सरी पडल्या की सकाळी वारुळाभोवती अळंबी पांढरीशुभ्र फुललेली. आदल्या संध्याकाळी त्याच वाटेने गुरं घेऊन आलेला माणूस शपथेवर सांगेल की तिथे काही नव्हतं. दुपारपर्यंत छत्री उघडते, दुसऱ्या दिवशी किडे. म्हणून तर पहाटे बॅटरी घेऊन जावं लागतं, नाहीतर वरच्या वाडीतले आधी पोचतात. आमची आजी म्हणायची, गडगडलं की जमिनीला तडा जातो आणि अळंबी सुटते. अळंबी ती अळंबी, मिशिगनची काय आणि वेंगुर्ल्याची काय.

सात्याप्रेमी | १ मे

तात्यांशी सहमत. गडचिरोलीकडे आम्ही सात्या म्हणतो, तिचाही हाच खाक्या. काल नव्हती, आज आहे, उद्या नसेल.

निवृत्त_परागकण | १ मे

पस्तीस वर्षं महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे हात शिवशिवतायत. तात्या, तुमची अळंबी आणि यांची गुच्छी ही चुलत भावंडंसुद्धा नाहीत. कवकांच्या दोन वेगळ्या घराण्यांतली आहेत, आणि ती घराणी फार जुन्या काळी वेगळी झाली.

तुमच्या वारुळावरच्या अळंबीचं शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस. वाळव्या वारुळाच्या पोटात पालापाचोळा चावून त्याचे स्पंजासारखे पोळे करतात आणि त्यावर हे कवक पोसतात. त्या पोळ्यांवर पांढऱ्या साबुदाण्यासारखे दाणे वर्षभर असतात. पाऊस मुरला की त्यांतून कळ्या निघतात आणि मुळासारखा लांब देठ काढत अंधारात वर सरकतात. जमिनीशी पोचेपर्यंत बांधणी झालेली असते. शेवटी उरतं ते पेशींत पाणी भरून ताणायचं काम, आणि ते एका रात्रीत होतं. बाजारातल्या पांढऱ्या बटन मशरूमचंही साधारण असंच. घडी घातलेली छत्री उघडण्यासारखं.

गुच्छीला ही सोय नाही. ती कळीच मुळी मातीच्या अगदी वरच्या थरात धरते, एखाद्या मिलिमीटरच्या गाठीएवढी. तिथून देठ, मग टोकाला टोपी, मग टोपीवरचे कंगोरे, हे सगळं आपल्या डोळ्यांदेखत, उघड्यावर, आणि सावकाश. पंधरवडा सहज लागतो. थंडी पडली तर आणखी. ट्रंकराव, तुम्ही मोजाच. माझे पैसे तुमच्या काडेपेटीवर.

भाव_खाऊ | १ मे

"हात शिवशिवतायत" म्हणणारे मास्तर बघून आम्हाला शाळेत वेगळंच आठवायचं. हलके घ्या. सर, येऊ द्या अजून.

माळ्यावरचा_ट्रंक | ३ मे

थोरली १४ मिलिमीटर. धाकटी ७. आजोबांना पट्टीचा फोटो दाखवला. म्हणाले, "माती खचली असेल."

स्वयंपाकघरातला मांस शिजलं का बघायचा थर्मामीटर एल्मखाली चार इंच खुपसला, ११ अंश सेल्सिअस. इकडचे लोक मातीचं तापमान १०च्या आसपास आलं की रानात जायला लागतात. थर्मामीटर नसलेले ओककडे बघतात. ओकची कोवळी पानं खारीच्या कानाएवढी झाली की निघायचं. आमच्या ओकच्या खारीचा कान अजून फुटायचाय.

कुल्लूची_सून | ४ मे

माहेर सांगली, सासर कुल्लू. हा धागा बघून राहवलं नाही.

गुच्छी म्हणजे आमच्याकडे मार्च ते मेमधला रोजगार आहे. बर्फ उतरत जातं तशा बायका वरवर चढत जातात, देवदार-कैलच्या रानात, ओढ्याच्या कडेला, कधी सफरचंदाच्या बागेतही. पहिल्या वर्षी मला एकही सापडली नाही. सासूबाई माझ्या पायाकडे बघून म्हणाल्या, हलू नकोस, तू दोघींच्या मधे उभी आहेस. वाळलेल्या पानांचा आणि हिचा रंग एकच, त्यात ती सुरकुतलेली. सासूबाईंचा नियम: एक दिसली की खुडायची नाही, आधी तिथेच उकिडवं बसायचं आणि डोळे जमिनीच्या पातळीला आणून चौफेर बघायचं. एक असली की तीन असतात.

घरी आणून दोऱ्यात ओवायच्या आणि तंदूरच्या वर टांगायच्या. तंदूर म्हणजे आमच्याकडे खोली ऊबदार ठेवायची लोखंडी शेगडी, रोट्यांचा नव्हे. दहा किलो ओल्या वाळवल्या की जेमतेम किलोभर उरतात, म्हणून भाव ऐकून लोकांचे डोळे पांढरे होतात. वाळलेल्या गुच्छीला किलोमागे दहा हजारांपासून तीस हजारांपर्यंत भाव ऐकलाय. अर्थात व्यापारी दारात येऊन देतो तो भाव आणि दिल्लीच्या दुकानातला भाव यात डोंगर आडवा असतो.

आणि हो, तात्या, आमच्याकडेही हेच म्हणतात. ढग गडगडले, वीज पडली की गुच्छी फुटते. सासूबाई गडगडाट ऐकून झोपेतून उठून टोपली शोधतात.

तात्या_वेंगुर्लेकर | ४ मे

बघा! दोन हजार किलोमीटरवरच्या बायका आणि आमची आजी एकच सांगतायत, तर त्यात काहीतरी असणारच की नाही सर?

निवृत्त_परागकण | ४ मे

काहीतरी नक्की आहे. वळवाचा पाऊस गडगडाट घेऊनच येतो, मग कोरड्या मातीला ओल मिळते, हवा दमट होते, ऊबही असते. अळंबीला हवं ते सगळं एका वेळी. आवाज लक्षात राहतो, ओल राहत नाही. विजेचा स्वतःचा परिणाम मी साफ नाकारत नाही. जपानमध्ये इवाते विद्यापीठात शिताके नावाची अळंबी पिकवायच्या ओंडक्यांना विजेचे उच्च दाबाचे क्षणिक झटके देऊन पाहिले, आणि उत्पन्न वाढलं. पण ते लाकडावरचं कवक, आणि झटका थेट ओंडक्याला. त्यावरून हिमालयातल्या गुच्छीचा निष्कर्ष काढणं म्हणजे सुतावरून स्वर्ग.

माळ्यावरचा_ट्रंक | ६ मे

दोन रात्री कडाक्याची थंडी. थोरली १५ मिलिमीटर. म्हणजे तीन दिवसांत एक. धाकटी ७ वरच. आजोबा कुंपणापाशी येऊन नुसते हसले.

शेवग्याची_शेंग | ६ मे

मला एक समजत नाही. झाड मेलेलं असताना त्याखालीच का उगवली? कुजकं लाकूड खाते का ती?

निवृत्त_परागकण | ७ मे

शेंगताई, मोठा प्रश्न विचारलात. जरा बैजवार सांगतो.

आपण जिला गुच्छी म्हणतो ते फक्त फळ. आंब्याचं झाड जमिनीखाली दडलंय आणि आंबा तेवढा वर आलाय, अशी कल्पना करा. खालचं झाड म्हणजे कवकजाल, कोळ्याच्या धाग्याहून बारीक तंतूंचं जाळं, मातीत आणि मुळांच्या आसपास पसरलेलं. बीजाणू रुजतो, तंतू निघतात, दुसऱ्या बीजाणूच्या तंतूंशी गाठ पडते, जाळं वाढतं. वर्षानुवर्षं काही न दाखवता ते तसंच जगू शकतं.

या कवकाची खास युक्ती म्हणजे गाठी. स्क्लेरोशियम म्हणतात. तंतू एकमेकांत गुंतून, चरबीचा साठा भरून, टणक गोळे करतात. काही राईच्या दाण्याएवढे, काही अक्रोडाएवढे. थंडी, दुष्काळ सोसायची ती शिदोरी. वसंतात माती ओली आणि जराशी ऊबदार झाली की या गाठीपुढे दोन वाटा असतात: नवे तंतू सोडून पसरत राहायचं, नाहीतर शिदोरी खर्चून फळ धरायचं. खायला भरपूर असेल तर पहिली वाट. उपासमारीची चाहूल लागली तर दुसरी.

आता तुमचं एल्म. अमेरिकेत १९३०च्या सुमारास एल्मचा रोग युरोपातून आला. तोही एक कवकच, साल पोखरणाऱ्या भुंग्यांच्या पाठीवर बसून फिरतो. त्याने एल्म मारत आणले. झाड जिवंत असताना मुळांशी गुच्छीच्या जाळ्याचं बरं चाललेलं असतं. ते नेमकं देवाणघेवाणीचं की नुसतं आसपास राहायचं, यावर अजून भांडणं चालू आहेत. झाड मेलं, मुळांकडून येणारा पुरवठा आटला, की जाळं सगळी शिदोरी फळात घालतं. साल सुटायला लागलेलं एल्म म्हणून गोळा करणाऱ्यांना प्रिय. दोन-चार हंगाम जोरात, मग शुकशुकाट.

तुमच्या मिशिगनमध्येच २००२ साली अॅशची झाडं पोखरणारा हिरवा भुंगा सापडला, आशियातून आलेला. अॅशखालीही मोरेल येतात, तिथल्या जुन्या गोळा करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

सिएटलची_सावली | ७ मे

आमच्या बाजूला वणव्यानंतर. सूचिपर्णी रान जळलं की पुढच्या वसंतात राखेतून काळ्या मोरेलचे ताटवे. लोक जळलेल्या रानाचे नकाशे घेऊन फिरतात, संध्याकाळी कोळसेवाल्यासारखे घरी येतात. दुसऱ्या वर्षी तिथे फारसं काही नसतं.

माळ्यावरचा_ट्रंक | ९ मे

मंडळी, कालची रात्र आणि आजचा दिवस पाऊस. थोरली ३२ मिलिमीटर! काडेपेटी आडवी ठेवली तर तिच्या डोक्यावरून बघते. धाकटी ९.

रंगाचं सांगतो. पहिल्या दिवशी खळगे काळपट करडे आणि कंगोरे पांढुरके, जाड, एकमेकांना चिकटलेले. खळगे म्हणजे नुसत्या चिरा. आता कंगोरे पातळ होतायत आणि खळगे रुंदावतायत. एका बाजूचे मोठे खळगे फोटोत मोजले. ३० तारखेला १७, आज १७. नवीन घर एकही नाही, आहे तीच घरं मोठी होतायत. फुग्यावर आधी नक्षी काढून मग फुगवावा तसं.

आज एक प्रयोगही केला. मुलीला, वय वर्षं नऊ, चष्मा नाही, एल्मजवळ उभं केलं. म्हटलं तुझ्यापासून हातभर अंतरात एक मोरेल आहे, शोध. घड्याळ लावलं. चार मिनिटं. मधे एकदा तिचा बूट बोटभरावर येऊन गेला, माझं काळीज लक्कन हललं. तीन सेंटिमीटरची वस्तू, आहे हे सांगितलेली, हातभरावर, तर चार मिनिटं. मग रानात चालता चालता दोन सेंटिमीटरची कुणाला दिसणार? ती पालापाचोळ्याच्या वर डोकं काढेल त्या दिवशी माणूस म्हणणार, काल नव्हती!

भाव_खाऊ | ९ मे

खळगे मोजले. सतरा. अहो, तुमच्या कंपनीत काम कमी आहे का?

कुल्लूची_सून | १० मे

चार मिनिटं चांगलीच आहेत. मला एक अख्खा मोसम लागला होता.

गच्चीवरचा_गवळी | १० मे

पुण्यात आहे. धिंगरी (ऑयस्टर मशरूम) दोन वर्षं केली, बरी होते. परवा एका व्हिडिओत गुच्छीचं बियाणं विकायला होतं, गच्चीवर कुंडीत लावा, तीस हजार रुपये किलो कमवा. पैसे भरायचे का?

निवृत्त_परागकण | १० मे

खिशात हात घट्ट धरून ठेवा.

गुच्छीची लागवड होत नाही असं नाही. रोनाल्ड ओवर नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९८२ साली ती बंदिस्त जागेत वाढवून दाखवली, पेटंट १९८६ साली निघालं. चीनमध्ये, विशेषतः सिचुआनमध्ये, २०१२च्या आसपासपासून शेतात मोठ्या प्रमाणावर होते. डेन्मार्कच्या कर्क या जुळ्या भावांनी काही दशकं घालवून वर्षभर खोलीत पिकवायची पद्धत बसवली, २०२१च्या शेवटी जाहीर केली. त्याच साली आपल्या सोलनच्या अळिंबी संशोधन संचालनालयाकडूनही यशाची बातमी आली.

चीनची रीत ऐकण्यासारखी आहे. हिवाळ्याच्या तोंडाला वाफ्यात बियाणं पेरतात. थोड्याच दिवसांत माती पांढरी दिसायला लागते, भुकटी शिंपडल्यासारखी. मग उकडून निर्जंतुक केलेल्या गव्हाच्या पिशव्या, एका अंगाला भोकं पाडून, त्या पांढऱ्या मातीवर पालथ्या ठेवतात. खालचे तंतू भोकांतून पिशवीत शिरतात, गहू फस्त करतात आणि ती शिदोरी मातीत ओढून नेतात. नंतर पिशवी उचलून घेतात. ताट काढून घेतलं. मग वसंताच्या तोंडाला वाफ्यात पाणी खेळवलं की फळ धरतं. म्हणजे एल्म मरतं तेव्हा जे होतं, तेच माणसाने घडवून आणायचं.

आणि एवढं करूनही शेकडो कळ्या धरतात आणि त्यांतल्या बऱ्याच जळतात. जरा ऊन वाढलं, जरा वारा सुटला की संपलं. पुण्याच्या गच्चीवर मार्चमध्ये कुंडीची माती हाताला चटका देते. तुम्ही धिंगरी करताय तेच नीट करा. कृषी महाविद्यालयात अळिंबीचं प्रशिक्षण असतं, तिथे जाऊन विचारा हवं तर.

गच्चीवरचा_गवळी | १० मे

धन्यवाद सर. वाचलो. मेव्हण्याने भरलेत पैसे, त्याला हा दुवा पाठवतो.

माळ्यावरचा_ट्रंक | १२ मे

५५ मिलिमीटर. काडेपेटी उभी केली तरी ठेंगणी. देठ आता नीट दिसतो, मलईच्या रंगाचा, दाणेदार. करडेपणा जाऊन टोपी मातकट झालीय.

धाकटी गेली. ९ वरच अडकली होती, आज टोक काळं पडून वाळलंय. हात लावला नव्हता. आजोबांना कळलं तर "नजर" म्हणणार, म्हणून सांगितलं नाही. मुलीने जाऊन सांगितलं. "बघ!" म्हणाले.

निवृत्त_परागकण | १२ मे

वाईट वाटून घेऊ नका. मघाशी म्हटलं तेच. कळ्या धरतात खूप, मोठ्या होतात थोड्या. पण तिचं एक काम झालं. वाढत्या वयात मेलेली गुच्छी आजोबांच्या सिद्धांतात बसतच नाही.

आणि रंगाचं तुम्ही लिहिलंत ते महत्त्वाचं. तिकडे बरेच लोक करडी मोरेल आणि पिवळी मोरेल या दोन जाती मानतात: करडी आधी येते, पिवळी मागून. बहुतेक वेळा ती एकच, बालपणी करडी, वयात आल्यावर पिवळी. तुमच्या काडेपेटीशेजारी तेच घडतंय. काळी मोरेल मात्र खरोखर वेगळी. तिचे कंगोरे वाढत जातात तसे काळवंडतात.

काजूबोंड | १३ मे

मी रोज ऑफिसात पोचल्यावर आधी हा धागा उघडतो, मग मेल. आमच्या विभागात थोरलीवर पैजा लागल्यात. दहा सेंटिमीटरवर माझे दोनशे रुपये आहेत, लक्ष असू द्या.

माळ्यावरचा_ट्रंक | १५ मे

८१ मिलिमीटर. मधाचा रंग. खळग्यात मुंग्यांहून बारीक उड्या मारणारे किडे.

हौशी_बल्लव | १५ मे

मस्त दिसतेय. ही कच्ची सॅलडमध्ये घालतात का? की सुशीत?

निवृत्त_परागकण | १५ मे

अजिबात नाही. कच्ची किंवा अर्धकच्ची गुच्छी पोटाचे हाल करते. २०२३ साली अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या बोझमन गावी एका उपाहारगृहात सुशीबरोबर कच्च्या आणि नीट न शिजलेल्या मोरेल वाढल्या गेल्या. ५१ माणसं आजारी पडली, दोघं गेली. ती मोरेल खोटी नव्हती, खरीच होती.

खोटी मोरेल हा आणखी वेगळा विषय. जायरोमिट्रा नावाचं एक कवक आहे, टोपी मेंदूच्या वळ्यांसारखी. त्यातल्या विषापासून शरीरात जे रसायन तयार होतं ते रॉकेटच्या इंधनात वापरतात, एवढं सांगितलं की पुरे. ओळख अशी: गुच्छी उभी चिरली तर टोकापासून देठाच्या तळापर्यंत एकच पोकळी, आणि टोपीची खालची कड देठाला जोडलेली. चिरल्यावर आत कापसासारखा भेंड किंवा कप्पे दिसले, किंवा टोपी फक्त टोकाशी टांगलेली असली, तर फेकून द्या. आणि पहिल्यांदा जाताना जाणता माणूस बरोबर हवा. धाग्यावरचा फोटो बघून कुणी काही तोंडात घालू नये, अगदी माझा शेरा असला तरी.

आणखी एक. सफरचंदाच्या जुन्या बागांत मोरेल छान येतात, पण तिकडे गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत लेड आर्सेनेट नावाचं कीटकनाशक फवारायचे. शिसं आणि आर्सेनिक माती सोडत नाहीत, आणि अशा बागांतल्या मोरेलमध्ये ते सापडलंय.

माळ्यावरचा_ट्रंक | १७ मे

९६ मिलिमीटर. काल ९४ होती. वेग मंदावलाय. कंगोऱ्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या, किंचित तांबूस.

बायको विचारतेय, आता तरी काढणार का, की तिचं बारसंही करायचंय.

काजूबोंड | १७ मे

चार मिलिमीटर! फक्त चार! पाणी घाला हो तिला थोडं.

माळ्यावरचा_ट्रंक | १९ मे

हे सविस्तर लिहितो.

सकाळी सातला गेलो. रात्री दव होतं, ऊन नुकतंच कुंपणावरून तिरपं आत येत होतं. ९७ मिलिमीटर. फोटोसाठी काडेपेटी ठेवायला वाकलो आणि माझी सावली तिच्यावरून गेली, परत ऊन पडलं, आणि तिच्या एका अंगातून धूर निघाला. उदबत्तीचं टोक विझताना निघतो तेवढा, एकच झुळूक. मला वाटलं भास. श्वास रोखून थांबलो. मिनिटभराने हलकी फुंकर घातली, परत तोच धूर, यावेळी दोन-तीन खळग्यांतून. उन्हात पिवळसर, तरंगत एल्मच्या खोडाकडे गेला आणि दिसेनासा झाला.

मुलीला हाक मारली. ती चपला न घालता पळत आली. तिने फुंकर घातली तेव्हा परत निघाला. मग आजोबांना बोलावलं. ते कुंपणाला वळसा घालून काठी टेकत आले, खाली वाकता येईना म्हणून मुलीने खुर्ची आणली. बसून बघितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी नेहमी याच्या आधीच खुडतो."

निवृत्त_परागकण | १९ मे

अभिनंदन! हे फार थोड्यांना बघायला मिळतं. वयात आल्याची हीच खूण, लांबी नव्हे.

छत्रीच्या अळंबीत बीजाणू खालच्या पात्यांवरून गळतात. गुच्छीला पाती नाहीत. प्रत्येक खळग्याचं अस्तर म्हणजे एकमेकांना चिकटून उभ्या असंख्य सूक्ष्म नळ्या, एकेकीत आठ बीजाणू. पिकल्यावर नळीत पाण्याचा दाब वाढत जातो. हवेचा झोत, ऊन, कोरडेपणाचा जरासा बदल झाला की शेकडो नळ्यांची टोकं एकदम उघडतात आणि बंदूक उडावी तसे बीजाणू बाहेर. तुमची सावली सरकली, हवा हलली, तेवढं पुरलं. सतरा खळग्यांचं कोडंही यातच आहे. सपाट टोपीपेक्षा खळगे-कंगोऱ्यांच्या टोपीत नळ्यांना जागा कितीतरी जास्त.

हौशी_बल्लव | १९ मे

मग जाळीच्या पिशवीत गोळा केल्या तर बीजाणू रानभर सांडतात म्हणतात ते खरं? आणि कापायची की उपटायची?

निवृत्त_परागकण | २० मे

जाळीच्या पिशवीने हवा खेळते, माल चिघळत नाही, एवढा फायदा पक्का. बाकी पिकलेली असेल तर तिने तुम्ही यायच्या आधीच काम उरकलेलं असतं. कापणं-उपटणं: स्वित्झर्लंडमध्ये रानातल्या अळंब्यांवर २९ वर्षं पाहणी केली, दोन्हींनी उत्पन्नात फरक पडला नाही. तुडवल्याने मात्र त्या मोसमात कमी उगवल्या. मी कापतो, कारण माती घरी येत नाही.

माळ्यावरचा_ट्रंक | २२ मे

शेवटची नोंद. थोरली कलंडली. टोपी मऊ पडली, एका बाजूने गोगलगायीने खाल्ली. ९७च्या पुढे गेली नाही. काजूबोंड, दोनशे रुपयांबद्दल दिलगीर आहे.

आजोबांनी संध्याकाळी कागदी पिशवीतून बारा मोरेल आणून दिल्या. कुठून आणल्या विचारलं तर म्हणाले, "रानातून." उभ्या चिरल्या, मिठाच्या पाण्यात बुडवल्या, किडे वर आले, पाणी दोनदा बदललं. लोण्यात चांगली पंधरा मिनिटं परतल्या. वास भाजलेल्या अक्रोडाचा आणि पावसाचा.

तात्या_वेंगुर्लेकर | २२ मे

लोणी कसलं! भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, चार कोकमं, वर तांदळाची भाकरी. एवढे दिवस मोजून शेवटी लोणी? वाढीचं कबूल करतो, वाटणाचं नाही.

शेवग्याची_शेंग | अकरा महिन्यांनंतर

धागा वर काढतेय. ट्रंकराव, यंदा आल्या का?

माळ्यावरचा_ट्रंक | दोन दिवसांनी

एल्मखाली काहीही नाही. साल पूर्ण गळून खोड हाडासारखं पांढरं झालंय. रोज सकाळी जातो, सवयीने. आजोबाही कुंपणावरून बघतात आणि मान हलवतात.

मात्र परवा दुसरीकडे एक मिळाली. ६ मिलिमीटर. काडेपेटी ठेवली आहे.

काजूबोंड | त्याच दिवशी

कुठे??

माळ्यावरचा_ट्रंक | त्याच दिवशी

रानात.